लाल फडक्यात अडकलेले औषध

मित्रांनो, या पृथ्वीतलावर सत्य जर कुठे टिकून असेल, तर ते माझ्या अंगावरच्या वीस रेघांमध्ये आहे. राजे आले आणि गेले, शास्त्रे उलटीपालटी झाली, पण माझी पाचवी रेघ पाचवीच राहिली. असा मी एक जुना काचेचा मोजपेला सध्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात, कान तुटलेल्या नरसाळ्याच्या शेजारी राहतो, आणि परवापासून माझ्यात एक मुंगी अडकली आहे. तिला सत्याशी काही देणेघेणे नाही. तिला बाहेर पडायचे आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. ज्याने मला फुंकून आकार दिला तो कारागीर फुंकताना दुसऱ्याशी गप्पा मारत होता, म्हणून माझी चोच किंचित डावीकडे आहे. रेघा मात्र एका बाईने कोरल्या. ती प्रत्येक पेल्यात तोलून पाणी ओतायची, पातळी बघायची आणि मगच काचेला सुई लावायची. ज्याची रेघ चुकली तो पेला ती काही न बोलता टोपल्यात फोडायची. माझ्या डोळ्यांदेखत तिने अकरा पेले फोडले. त्या दिवसापासून मला खोटे बोलण्याची हिंमत झाली नाही. लोक याला चारित्र्य म्हणतात.

तिथून मी एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत आलो. दगडी ओटा, उत्तरेची खिडकी, काचेच्या पेटीतला तराजू, आणि भिंतीजवळ बांधलेल्या दोरीवर वाळणारी गाळायची फडकी. दुकानाच्या पुढच्या भागात माणसांची औषधे विकली जात. ती कारखान्यातून सीलबंद येत, त्यामुळे त्यांत कुणाला अक्कल चालवता येत नसे. हे माणसांचे थोर भाग्य. मागच्या खोलीत जनावरांची औषधे बनत. तिथे अक्कल चालवायला पूर्ण मोकळीक होती.

दुकान बहीण-भावाचे होते. थोरली औषधे बनवायची आणि धाकटा ती विकायचा. थोरली रसायनशास्त्र शिकली होती. धाकटाही त्याच कॉलेजात गेला होता आणि तिथे त्याने तीन वर्षे सहली काढल्या होत्या. साठी उलटली तरी थोरली त्याला 'बाळ' म्हणायची. माझ्या मते हे वर्णन होते.

आमचे नाव झाले ते कोकरांच्या औषधामुळे. तिथल्या कुरणांच्या मातीत सेलेनियम फार कमी होते. मातीत नाही म्हणून गवतात नाही, गवतात नाही म्हणून मेंढीत नाही, आणि मेंढीत नाही म्हणून कोकराचे हाल. त्याचे स्नायू पांढरे पडतात, पाठीची कमान होते, मागचे पाय लाकडासारखे ताठतात. भूक असते, आई समोर उभी असते, आणि त्याला चार पावले टाकून दुधापर्यंत पोचता येत नाही. हे टाळायला सेलेनियम लागते ते इतके थोडे, की शिंक आली तर उडून जाईल. पण जास्त झाले तर तेच विष. कमी आणि जास्त यांच्यामधली वाट एवढी अरुंद, की तिच्यावरून चालणे फक्त थोरलीला आणि मला जमत असे.

थोरली सेलेनियमचा एक क्षार पाण्यात विरघळवायची. सोडियम सेलेनाइट त्याचे नाव. ती तो तराजूवर तोलायची, पाणी माझ्यात मोजायची, आणि काचेच्या दांडीने सावकाश ढवळायची. त्याच्या सोबतीचे ई जीवनसत्त्व तेलातले, म्हणून ते वेगळ्या लहान बाटलीत. मेंढीला विण्याआधी एकदा, कोकराला जन्मल्यावर एकदा. संपले. औषध निवळशार दिसायचे, आणि तोच त्याचा दोष होता.

"हे पाणी आहे की औषध?" गिऱ्हाइके बाटली उजेडात धरून विचारायची.

"मेंढीला विचारा," थोरली म्हणायची.

एकच गिऱ्हाईक असले प्रश्न विचारत नसे. तिला सगळे मामी म्हणत. गावाबाहेर तिचा मेंढवाडा होता. पूर्वी दर हंगामात तिची चार-पाच कोकरे अशीच बसायची आणि मरायची. थोरलीचे औषध सुरू झाल्यापासून नऊ वर्षांत तिचे एकही कोकरू या दुखण्याने गेले नव्हते. ती आली की बाटली हातात घ्यायची, आरपार पाहायची आणि म्हणायची, "ताई, यातून तुमचं कपाळ दिसतंय. म्हणजे ठीक आहे." माझ्या आयुष्यात माझी झालेली एवढीच स्तुती, आणि तीही कपाळाच्या नावावर जमा झाली.

मग थोरलीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी दीड महिना वाकायचे नाही, बारीक काम करायचे नाही असे सांगितले. ती वरच्या मजल्यावर काळा चष्मा लावून बसली आणि धाकटा मागच्या खोलीत आला. येताना त्याने बाही दुमडली. ज्याला काम येत नाही तो आधी बाही दुमडतो, हे मी नमूद करून ठेवतो.

त्या दिवसांत दुकानात माणसांसाठी एक नवी भुकटी आली होती. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट' असे लिहिलेले होते आणि एक बाई विनाकारण हसत होती. आत क जीवनसत्त्व होते. धाकट्याने डबा तीन वेळा वाचला. डबा वाचून त्याचे शिक्षण पूर्ण झाले.

"सेलेनियम अँटिऑक्सिडंट, हेही अँटिऑक्सिडंट," तो तराजूला म्हणाला. "दोन्ही एकत्र केली तर दुप्पट!"

तराजू काही बोलला नाही. तो शून्यावर होता, आणि त्या चर्चेत त्या खोलीतले तेच सर्वांत योग्य मत होते.

धाकट्याने माझ्यात थोरलीचे शिल्लक असलेले घट्ट मूळ द्रावण ओतले आणि त्यात त्या भुकटीचे दोन चमचे टाकले. काय झाले ते मी आतून पाहिले. क जीवनसत्त्वाचा स्वभाव म्हणजे, स्वतःजवळचे देऊन समोरच्याचा ऑक्सिजन उतरवायचा. अंगात त्याला हजार कामे असतात. माझ्यात मात्र समोर सेलेनाइट सोडून कुणीच नव्हते. आणि त्याला तर कुणाला तरी वाचवायचेच होते! त्याने सेलेनाइटलाच वाचवायला घेतले. एकेका कणाचा ऑक्सिजन काढून घेतला. जे पाण्यात विरघळलेले होते, रक्तात जाऊ शकले असते, त्याचे नुसते सेलेनियम झाले. पाण्यात न विरघळणारे, कुणाच्या कामी न येणारे, घन. आणि रंगाने लाल.

आधी पाणी पिवळसर झाले, मग नारिंगी, आणि बघता बघता विटेसारखे लालभडक.

"अरे वा!" धाकटा ओरडला. "औषध जागं झालं!"

मित्रांनो, औषध नुकतेच मेले होते.

त्या रंगाने बाजार मारला. जे लोक बाटली उजेडात धरायचे ते आता ती छातीशी धरून जाऊ लागले. "आता कसं औषधासारखं दिसतंय!" असे म्हणणारी माणसे मी त्या महिन्यात इतकी पाहिली, की मानवजातीबद्दल माझी जी थोडीफार उत्सुकता उरली होती ती मिटली. 'खास फोटोंसह नवे सूत्र' अशी पाटी धाकट्याने स्वतः रंगवली. फोटो कशाचे, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

आठवड्याने तक्रार आली की बाटलीच्या तळाशी लाल गाळ बसतो. धाकट्याने एक क्षणही विचार न करता उपाय शोधला. विचार केला असता तर वेळ गेला असता. तो प्रत्येक द्रावण चार दिवस ठेवून दुहेरी फडक्यातून गाळू लागला. गाळ फडक्यात राहायचा आणि फडके नळाखाली धुतले जायचे. म्हणजे औषध मोरीत आणि पाणी बाटलीत. आता पाणी पुन्हा फिकट दिसू लागले, म्हणून त्याने मिठाईत घालतात तो लाल रंग त्यात टाकला. अशा रीतीने तो अतिशय कष्टाने, टप्प्याटप्प्याने, रंगीत पाण्यापर्यंत पोचला. नळापासून नळापर्यंतचा एवढा लांबचा प्रवास मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेला नाही.

हंगाम सुरू झाला. एके दिवशी भरदुपारी मामी आली. तिच्या हातात रिकामी बाटली होती आणि चपलांना मेंढवाड्याची माती.

"भाऊ, चौदा कोकरं झाली. त्यातली चार बसली. एक आज सकाळी गेलं," ती म्हणाली. "नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. औषध बदललंत का?"

"बदललं म्हणजे सुधारलं, मामी."

"मग कोकरं का बिघडली?"

धाकट्याने इकडेतिकडे पाहिले. अशा वेळी माणसाला जवळात जवळची मुकी वस्तू लागते. त्याने मला उचलले आणि तिच्यापुढे धरले.

"हा पेला बघा. रेघा झिजल्यात याच्या. माप कमी पडत असणार. जुनी वस्तू, काय करणार!"

माझ्या रेघा! काचेत कोरलेल्या! ज्यांच्यासाठी अकरा भावंडे फुटली! मला तिथल्या तिथे तडा जायला हवा होता, पण मी चांगल्या काचेचा आहे.

"मग आता?"

"आता काही नाही, डोस वाढवायचा. रोज द्या. दिवसातून दोनदा, आणि चौपट."

"चौपट? हे औषध तोलून द्यायचं असतं म्हणतात ताई."

"ताई जुन्या विचारांच्या आहेत. टॉनिकच आहे हो, त्याने काय होतंय?"

मामी लाल बाटली घेऊन गेली, आणि मी फडताळात गेलो. माझ्या जागी खोकल्याच्या औषधाचे प्लास्टिकचे टोपण आले. त्याच्याविषयी मी बोलणार नाही. बोलण्यासारखे त्यात काही मावत नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीला खाली उतरायची परवानगी मिळाली. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. समोर दोरीवर सहा फडकी वाळत होती, धुऊनही विटकरी लाल.

"बाळ, हे काय रंगवलंस?"

धाकट्याने मोठ्या हौशीने सगळे सांगितले. भुकटी, रंग, गाळ, गाळणे, पुन्हा रंग. शेवटी टाळीसाठी थांबावे तसा थांबला. थोरलीने एक फडके दोरीवरून काढले आणि त्याच्या हातात दिले.

"हे घे. औषध."

"औषध बाटलीत आहे, ताई."

"बाटलीत मिठाईचा रंग आहे. सेलेनियम सगळं या फडक्यात आणि मोरीत गेलं. क जीवनसत्त्वाने ते घट्ट करून खाली बसवलं, आणि तू ते नीट गाळून टाकलंस. मामीची मेंढरं महिनाभर सरबत पितायत." मग तिचा आवाज खाली आला. "मामी आली होती का?"

"काल. चार कोकरं..." तो म्हणाला आणि पुढचे गिळले.

थोरली सरळ ओट्याकडे गेली. तिने फडताळ उघडले, मला काढले, धुतले, उजेडात धरून माझी रेघ चष्म्याआडून पाहिली, आणि अर्ध्या तासात ताजे औषध केले. निवळशार. मामीचा जावई मोटारसायकलवर बसलेल्या कोकरांचा निरोप घेऊन आलाच होता. त्याच्याकडे बाटली आणि ई जीवनसत्त्वाची कुपी दिली. मोटारसायकल कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तेव्हा धाकटा हात झटकत म्हणाला,

"झालं तर मग. आणि डोसची काळजी नको. मी कालच चौपट सांगून ठेवलाय. रोज दोनदा."

थोरली एवढी पांढरी पडली की मला क्षणभर तिच्यातून पलीकडची भिंत दिसते आहे असे वाटले.

"बाळ, कालच्या बाटलीत काही नव्हतं. आजच्या बाटलीत आहे. चौपट, दोनदा... उभी आहेत तीही कोकरं मरतील."

तिने फोन लावला. तो वाजत राहिला. मामी मेंढवाड्यात असली की तिचा फोन घरातल्या खुंटीवर असायचा, हे सगळ्या गावाला माहीत होते.

पाच मिनिटांत स्कूटर निघाली. पुढे धाकटा, मागे काळ्या चष्म्यातली थोरली, आणि तिच्या मांडीवर पिशवीत मी. दुकानात आल्यापासून पहिल्यांदा मी बाहेर पडलो, आणि सांगतो, बाहेर काही विशेष नाही. खड्डे आहेत. त्यांची मापे कुणी घेतलेली नाहीत.

"पण ताई," धाकटा वाऱ्यात ओरडला, "क जीवनसत्त्व चांगलं असतं ना?"

"चांगलंच असतं! तूही चांगला आहेस, जेवायला बसलास की! पुढे बघ!"

"अंगात तर दोन्ही एकत्रच असतात की!"

"अंगात आपापल्या जागी असतात! सेलेनियम एका विकराच्या पोटात बसतं, ग्लुटाथायोन नावाच्या सोबत्याला हाताशी धरतं आणि पेशीतली विषारी घाण निस्तरतं. ई तेलकट पडद्यावर पहारा देतं. ई थकलं की क त्याला पुन्हा उभं करतं. तिघं एका घरात, तीन खोल्यांत! तू तिघांतल्या दोघांना एका बाटलीत कोंडलंस!"

"मग गवतातलं सेलेनियम? त्याला क काही करत नाही?"

"ते प्रथिनात विणलेलं असतं, मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लाच्या अंगात. त्याच्याशेजारी पोतंभर क ठेव, ढिम्म हलणार नाही. आपला क्षार उघडावाघडा असतो, त्याला जपावं लागतं. नाव एकच, पण स्वभाव वेगळे! खड्डा!"

खड्डा आला. माझी चोच पिशवीत खणकन आपटली. तडा नाही. मी सांगितलेच आहे, मी चांगल्या काचेचा आहे.

मेंढवाड्याच्या दाराशी थोरली स्कूटर थांबायच्या आत उतरली. मामी आत गवतावर बसली होती. मांडीवर एक कोकरू, मान टाकलेले. हातात बिनसुईची पिचकारी, काठोकाठ भरलेली. टोक कोकराच्या ओठांना लागलेले होते.

"मामी! थांबा!"

मामीने वर पाहिले. पिचकारी तशीच राहिली.

"दिलं का कुणाला?" थोरलीने धावतच विचारले.

"नाही," मामी म्हणाली. "बाटली उजेडात धरली तर पलीकडचं दिसलं. म्हटलं, हे ताईंच्या हातचं. मग ताईंच्या औषधाला भावाचा डोस कसा लावायचा? केव्हाची नुसती बसलेय भरून. पण हे बघा ना, ताई, याचा श्वास बघा. आता मात्र देणारच होते. तुम्ही आणखी जरा उशिरा येतात तर..."

ती बोलायची थांबली. कारण थोरली तिच्यासमोर गवतावर बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी पिचकारी धरून ठेवली होती. डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली होती. त्या वेळी कुणालाच त्याची आठवण झाली नाही.

मग तिथे, शेणाच्या आणि ओल्या लोकरीच्या वासात, मी कामाला लागलो. उभ्या असलेल्या दहा कोकरांना एकेकदा, माझ्या रेघेने मोजून. रेघ तीच होती. कुणी तसे म्हणाले नाही. बसलेल्या तिघांना तोंडाने द्यायला वेळ उरला नव्हता. गुरांच्या डॉक्टरांना जावई घेऊन आला आणि त्यांनी सेलेनियम आणि ई यांचे इंजेक्शन दिले. डॉक्टर म्हणाले, "दोघं उठतील असं वाटतं. तिसऱ्याचं हृदयही धरलंय."

तिसरे कोकरू धाकट्याने मांडीवर घेतले. त्याला कुणी सांगितले नव्हते. तो दोन तास हलला नाही. कोकराने त्याची विजार ओली केली तरी हलला नाही. त्याने त्याचे मागचे पाय चोळले, त्याला बोटाने दूध चाटवले, आणि मामीची मेंढी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिली.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "हे गार पडलंय."

"हो रे."

"मी मोजलंच नव्हतं, ताई. पेल्यावर उगाच घातलं."

थोरलीने त्याच्या मांडीवरून कोकरू उचलले आणि मामीकडे दिले. मामी त्याला शिव्या देईल असे मला वाटले. माझ्याजवळ काही सुचवण्यासारख्या होत्या. ती म्हणाली, "उद्या या, भाऊ. त्या दोघांना दूध पाजायला माणूस लागेल." तो आठ दिवस जात राहिला. दोन्ही कोकरे उठली. त्यातले एक त्याला पाहिले की ढुशी मारते. मला ते कोकरू आवडते.

मित्रांनो, मला त्या संध्याकाळी धाकट्याविषयी तुच्छता वाटली नाही. मी प्रयत्न केला होता.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याकडेही डबे येतील आणि त्यांच्यावरच्या बायका हसत असतील. दोन चांगल्या गोष्टी दिसल्या की त्या एका भांड्यात ढवळायचा मोह तुम्हाला होईल. होणारच, तुम्ही माणसे आहात. त्या वेळी आधी विचारा की या एकमेकांशी कशा वागतात. जो पदार्थ अंगात राखणदार असतो तोच बाटलीत दरोडा घालू शकतो. रंगाला औषध समजू नका. मोजायचे असेल तेथे मोजा, आणि चुकलात तर शेजारच्या काचेवर ढकलू नका.

हे सगळे तुमच्या लक्षात राहणार नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून माझी एकच मागणी आहे, तेवढी तरी पुरी करा. मला धुताना साबण लावाल, तो लिंबाच्या वासाचा नसावा.